पाठीतला बाक आणि वर्गातला बाक

तास चालू असताना पेन बाकावरून घरंगळतं आणि खाली पडतं. एका वर्गात दिवसातून अशी कितीतरी पेनं पडतात, कुणाचं लक्षही जात नाही. ज्याचं पडलं तो कमरेत वाकतो, एक हात खाली नेतो आणि फळ्यावरची नजर न काढता पेन वर घेतो. पण दीड महिन्यापूर्वी पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झालेली नववीतली मुलगी तसं करत नाही. ती आधी बाकातून बाहेर येते, एक पाय पुढे टाकते, पाठ ओळंब्यासारखी ताठ ठेवून गुडघ्यांत खाली बसते, पेन उचलते आणि लिफ्ट वर यावी तशी सरळच्या सरळ उभी राहते. मागून कुणीतरी फिस्सकन हसतं. सर शिकवायचे थांबतात. एका पेनासाठी एवढा सोहळा!

मराठीत ‘बाक’ या एकाच शब्दात दोन वस्तू राहतात. एक वर्गातला, कर्कटकाने नावं कोरलेला. दुसरा पाठीला आलेला. या मुलीच्या पाठीतला बाक डॉक्टरांनी काढला आणि आता तिला वर्गातल्या बाकावर परत बसायचंय. बाहेरून पाहिलं तर गोष्ट एवढीच. आत काय चाललंय ते मात्र कुणाला दिसत नाही. तिच्या पाठीत या घटकेला एक बांधकाम सुरू आहे, आणि पेन उचलण्याची ती अवघडलेली तऱ्हा त्या बांधकामाच्या नियमांतून आली आहे.

बाक नेमका कसला, हे आधी पाहू. समोरून पाहिल्यावर माणसाच्या कण्यातले हलते 24 मणके, म्हणजे मानेचे 7, छातीचे 12 आणि कमरेचे 5, एका उभ्या रेषेत दिसायला हवेत. स्कोलिओसिसमध्ये, म्हणजे या बाकाच्या आजारात, ही रेषा बाजूला झुकते, आणि नुसती झुकत नाही, तर झुकताना पिळली जाते. गोल जिन्याच्या पायऱ्या जशा एकमेकींवर थोड्या थोड्या फिरत जातात, तसे मणके फिरतात. छातीच्या मणक्यांना फासळ्या जोडलेल्या असल्याने त्याही फिरतात. मग एक खांदा वर, एका बाजूचं पाठीचं फरं बाहेर, फ्रॉकचा घेर एकीकडे लोंबणारा. पुष्कळदा हे पहिल्यांदा लक्षात येतं ते शिंप्याच्या. साधारण 10 ते 16 वयाच्या मुलांत शेकडा दोन-तीन जणांना 10 अंशांपेक्षा जास्त बाक असतो. बहुतेकांचा तेवढ्यावरच थांबतो. जो वाढत जातो, तो मुलींमध्ये कितीतरी जास्त आढळतो, आणि उंची झपाट्याने वाढण्याच्या वर्षांतच तोही झपाट्याने वाढतो.

या वयातल्या नेहमीच्या प्रकाराला डॉक्टर ‘इडिओपॅथिक’ म्हणतात. ‘कारण माहीत नाही’ हे इतक्या भारदस्त शब्दात सांगण्याची सोय वैद्यकशास्त्राकडे आहे! अनुवंशाचा काही वाटा असतो. पण दप्तराच्या ओझ्याने हा बाक येत नाही, पोक काढून बसल्याने येत नाही, दूध न प्यायल्यानेही येत नाही. ‘तरी मी सांगत होते सरळ बस’ असं म्हणणाऱ्या तमाम आज्या, आत्या आणि शेजारणी या बाबतीत साफ चुकलेल्या आहेत. त्या मुलीला सरळ बसताच येत नव्हतं.

या पिळाचा सुगावा कसा लागला, त्याची गोष्ट डायनोसॉरपर्यंत जाते. इग्वानोडॉन या डायनोसॉरचे दात ओळखून त्याला नाव देणारा इंग्रज डॉक्टर आणि भूशास्त्रज्ञ गिडियन मँटेल आयुष्याच्या शेवटी भयंकर पाठदुखीने हैराण होता. 1852 मध्ये तो गेला, आणि विल्यम अ‍ॅडम्स या शल्यविशारदाने त्याचा कणा तपासला. कणा बाजूला वळलेला होता आणि पिळलेलाही. पिळामुळे मणक्यांची पाठीवर हाताला लागणारी टोकं बरीचशी सरळ रेषेत राहतात आणि खरा बाक लपून जातो. म्हणून रोग्याला दोन्ही पाय जुळवून पुढे वाकवायचं आणि पाठीकडे मागून पाहायचं. पीळ असेल तर एक बाजू डोंगरासारखी वर येते. अ‍ॅडम्सची ही चाचणी आजही अनेक देशांत शाळाशाळांतून करतात. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, अर्धं मिनिट लागतं. ज्या माणसाने कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या हाडांचं कोडं सोडवलं, त्याच्या स्वतःच्या हाडांनी पुढच्यांना असं एक कोडं सोडवून दिलं.

बाक अंशांत मोजायची पद्धत न्यूयॉर्कच्या जॉन कॉब यांनी 1948 मध्ये मांडली. एक्स-रेवर सगळ्यांत जास्त कललेले वरचा आणि खालचा मणका शोधायचे, त्यांच्या कडांवरून रेषा ओढायच्या, मधला कोन मोजायचा. भूमितीच्या पेटीतल्या कोनमापकाने होणारं काम. वाढत्या वयात 25 अंशांच्या पुढे गेलं की पट्टा, म्हणजे ब्रेस. 45-50 अंशांच्या पुढे गेलं की शस्त्रक्रियेचा विषय निघतो, कारण एवढा मोठा बाक उंची वाढायची थांबल्यावरही हळूहळू वाढत राहतो.

वाकलेला कणा सरळ करण्याची आपल्याकडची गोष्ट भागवताच्या दहाव्या स्कंधात आहे. मथुरेच्या रस्त्यावर भेटलेल्या कुब्जेच्या पायांवर कृष्णाने आपले पाय दाबून ठेवले, हनुवटीखाली दोन बोटं लावली आणि तिला वर उचललं. झाली सरळ. कीर्तनात हा प्रसंग ऐकताना आपण चमत्काराकडे पाहतो. मला मात्र आता त्यातली कृतीच जास्त दिसते: खालचं टोक पक्कं धरायचं, वरचं ओढायचं. टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओमुळे कणा कोसळलेल्या मुलांसाठी 1950 च्या दशकात नेमकं हेच केलं, फक्त पोलादात. बाकाच्या वर एक आकडा, खाली एक आकडा, मध्ये दातेरी दांडी. मोटारीच्या जॅकसारखा एकेक दाता पुढे सरकवायचा की दोन टोकं एकमेकांपासून दूर जातात आणि मधला बाक ताणला जातो.

पोरं सरळ झाली. आणि काही महिन्यांनी आकडे निसटू लागले, दांड्या तुटू लागल्या.

का तुटल्या, ते घरी बसून पाहता येतं. एखादी बारीक तार बोटांत धरून एकाच जागी मागे-पुढे वाकवत राहा. पहिल्या दहा वेळा काही होत नाही, मग ती गरम लागते, मग कट्‌ होते. धातू एका झटक्याने हरत नाही, पुन्हा पुन्हा वाकून थकतो. माणूस चालतो, वळतो, कूस बदलतो, आणि दर वेळी दांडी केसभर का होईना वाकते. हाड रोज स्वतःची डागडुजी करतं. धातूला ती कला येत नाही, त्याचे दिवस पहिल्या दिवसापासून मोजलेले असतात. हॅरिंग्टन यांच्या लक्षात आलं की दांडी काही काळ बाक धरून ठेवेल, पण तेवढ्या काळात ते मणके एकमेकांना जुळून त्यांचं एकच हाड व्हायला हवं. नाहीतर दांडी तुटणार, आज नाही तर उद्या. तेव्हापासून या शस्त्रक्रियेत एक शर्यत असते: आधी हाड जुळतं की आधी धातू थकतो?

आता या सगळ्यातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग. वेगवेगळे मणके एक व्हायला राजी कसे होतात? चक्क फसवून. सर्जन मणक्यांच्या मागच्या बाजूचं वरचं कठीण कवच खरवडतात, मणक्यामणक्यांतल्या छोट्या सांध्यांची कूर्चा काढून टाकतात आणि उघड्या, रक्ताळलेल्या हाडावर हाडाचाच चुरा पसरतात. हा चुरा बऱ्याचदा तिथूनच काढलेल्या तुकड्यांचा असतो, कधी जोडीला दान मिळालेल्या हाडाचा. शरीराला वाटतं, इथे हाड मोडलंय! मग मोडलेलं हाड जोडण्याचा लाखो वर्षांचा कारखाना कामाला लागतो. आधी रक्ताची गुठळी, मग मऊ जाळं, मग घाईघाईने विणलेलं कच्चं हाड. मागून दोन प्रकारच्या पेशींची टोळी येते: एक जुनं खाऊन टाकणारी, दुसरी नवं रचणारी. महिनोन्‌महिने त्या ते कच्चं हाड मोडून पक्कं बांधत राहतात, आणि जिथे भार पडतो तिथे जास्त बांधतात.

कुणाच्याही घराचा स्लॅब पडताना पाहिला असेल तर हे लगेच कळेल. आधी सेंटरिंग लागतं. फळ्या, बल्ल्या, टेकू. त्यावर काँक्रीट ओततात. दुसऱ्या दिवशी स्लॅब हाताला टणक लागतो, मूल त्यावर पळूही शकेल. पण गवंडी सेंटरिंगला हात लावू देत नाही. वर बांध घालून पाणी भरून ठेवतो आणि दिवस मोजतो. पाठीतल्या दांड्या आणि स्क्रू म्हणजे सेंटरिंग. स्लॅब अजून ओला आहे, आणि मुलगी शाळेत गेली आहे.

हॅरिंग्टनच्या दांडीचं सेंटरिंग तसं डळमळीतच होतं, धरायला दोनच जागा. म्हणून त्या काळची मुलं गळ्यापासून कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये कित्येक महिने राहायची, त्यातले बरेच दिवस अंथरुणात. शाळेचं वर्ष गेलंच समजायचं. शिवाय नुसतं ताणल्यामुळे कमरेचा नैसर्गिक खोलगटपणाही सपाट व्हायचा, त्याचा त्रास पुढे वयात जाणवायचा. 1980 च्या दशकात फ्रान्समध्ये इव्ह कोत्रेल आणि ज्याँ द्युबुसे यांनी दोन दांड्या आणि पुष्कळ आकडे वापरून बाकाबरोबर पीळही सोडवायची पद्धत आणली. पुढे आकड्यांची जागा स्क्रूंनी घेतली. मणक्याच्या मागच्या भागाला पुढच्या भागाशी जोडणारा हाडाचा अरुंद बोळ असतो, स्क्रू त्यातून आत जातो. बोळाच्या भिंतीपलीकडे, काही मिलिमीटरवर, करंगळीएवढा जाड मज्जारज्जू.

हे करताना मज्जारज्जूला ताण तर पडला नाही ना, हे कसं कळणार? 1973 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एक उपाय छापून प्रसिद्ध केला, तो वाचून आजही अंगावर काटा येतो. भूल हलकी करायची, पाठ उघडी असतानाच रोग्याला अर्धवट जागं करायचं आणि सांगायचं, ‘पाय हलव.’ हलले, की पुन्हा झोपवायचं. आज डोक्याला आणि पायांना तारा जोडून मेंदूपासून पावलापर्यंतचे संदेश सबंध वेळ पडद्यावर पाहतात. पायाची रेघ मंदावली की सर्जन थांबतात.

मग मुलगी जागी होते, बहुतेक दुसऱ्याच दिवशी तिला उभं करतात, आणि ती आईपेक्षा उंच झालेली असते. बाकात दडलेले काही सेंटीमीटर एका दिवसात बाहेर आलेले असतात. चार-पाच दिवसांत घरी. तीन ते सहा आठवड्यांत शाळा.

इथेच सगळा घोळ होतो. कारण कातडी दोन आठवड्यांत जुळते, स्नायूंना दीड-दोन महिने लागतात, आणि हाडाला सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत. वर्गाला फक्त कातडी दिसते, तीही गणवेशाच्या आत. मुलगी ताठ चालते, उलट पूर्वीपेक्षा रुबाबदार दिसते. मग तिला दप्तर का उचलता येत नाही? सुरुवातीचे आठवडे दोन-चार किलोंच्या वर काही उचलायचं नाही असं बहुतेक सर्जन सांगतात. आपल्याकडे 2020 च्या राष्ट्रीय धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावं असं लिहिलंय. त्या हिशेबातलं दप्तरही तिला तेव्हा जड. यावर साधा तोडगा म्हणजे पुस्तकांचे दोन संच, एक घरी, एक वर्गात, आणि वह्या मैत्रिणीच्या दप्तरात.

बाकी गोष्टी अशाच बारीकसारीक. मधली सुट्टी व्हायच्या पाच मिनिटं आधी वर्गातून सोडलं की जिन्यावरची झुंबड टळते. दर अर्ध्या तासाने उठून उभं राहायची मुभा हवी, आणि ती दर वेळी हात वर करून मागावी लागू नये. शाळेची बस असेल तर शेवटची सीट नको. मागच्या चाकाच्याही मागे बसलेल्याला गतिरोधक दुप्पट लागतो. स्क्रू काही त्याने सुटत नाहीत, पण सुजलेले स्नायू चांगलेच ठणकतात.

पहिल्या महिन्यांत सगळ्यांत जास्त अडतं ते थकव्यापाशी. दुखणं कमी झालेलं असतं, आणि तरी तिसऱ्या तासाला मुलगी बाकावर डोकं टेकते. आळस नव्हे. शस्त्रक्रियेत रक्त गेलेलं असतं, हिमोग्लोबिन भरून यायला वेळ लागतो. कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू हाडापासून सोडवून परत बसवलेले असतात, ते नुसतं बसण्यातही दमतात. रात्री कूस बदलायची तर ओंडका लोळावा तसं खांदे आणि कंबर एकदम वळवावं लागतं, त्यामुळे झोप तुकड्यातुकड्यांची. आणि खाली ती पेशींची टोळी चोवीस तास हाड बांधतेय, तिलाही मजुरी लागतेच: प्रथिनं, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. सुरुवातीला अर्धी शाळा करावी हे शहाणपणाचं, मग तिमाही परीक्षा तोंडावर असो.

‘आता तिला वाकता येणार नाही का?’ नातेवाईक हळू आवाजात विचारतात. उत्तरासाठी स्वतःच बुटाची नाडी बांधायला वाका आणि एक हात पाठीवर ठेवा. छातीमागचा भाग जवळजवळ तसाच राहतो. फासळ्यांच्या पिंजऱ्यात अडकलेले ते मणके मुळातच कमी वाकतात. खरं वाकणं होतं खुब्यांत आणि कमरेच्या खालच्या मणक्यांत. मान वळते त्यातला जवळपास अर्धा वाटा तर पहिल्या दोन मणक्यांमधल्या एकाच सांध्याचा. म्हणून जोडकाम छातीपुरतं असेल तर मुलगी पुढे मांडी घालते, उकिडवी बसते, बूट बांधते. कुणी मुद्दाम सांगितलं नाही तर कळतही नाही. मात्र बसल्या जागी कंबर वळवून मागच्या बाकाशी गप्पा मारणं कमी होतं, त्यासाठी सबंध वळावं लागतं. जोडकाम कमरेत जितकं खाली जाईल तितकं ते जाणवतं. म्हणूनच सर्जन एकेका मणक्यासाठी जीव टाकतात: खालचा अजून एक मणका मोकळा ठेवता येईल का?

खेळांचं वेळापत्रक प्रत्येक सर्जनचं निराळं असतं. किती मणके जोडले, हाडात स्क्रू किती घट्ट बसले, यावर ते ठरतं. स्थूलमानाने चालणं पहिल्या दिवसापासून, धावणं-पोहणं तीन महिन्यांच्या आसपास, आणि जिथे दुसरा माणूस अंगावर येतो ते कबड्डी-फुटबॉलसारखे खेळ सहा महिने ते वर्षानंतर. मल्लखांबाचं मात्र डॉक्टरांशी बसून नीट बोलावं. चार महिन्यांनी पूर्ण बरं वाटत असताना कबड्डीला ‘नाही’ ऐकणं चौदाव्या वर्षी अन्यायच वाटतो. पण तेव्हा स्लॅब ओलाच असतो. बरं वाटणं कातडी आणि स्नायू ठरवतात, हाड त्या मतदानात भागच घेत नाही.

अमेरिकेची गोल्फपटू स्टेसी लुईस अकराव्या वर्षापासून साडेसात वर्षं रोज 18 तास ब्रेस घालत होती. गोल्फ खेळताना तो काढता यायचा, म्हणून गोल्फ आणखी आवडायचं. तरी बाक वाढला. अठराव्या वर्षी पाठीत एक दांडी आणि पाच स्क्रू बसले. गोल्फचा फटका म्हणजे निव्वळ पीळ. याहून अडचणीचा खेळ कुणी मुद्दाम शोधूनही काढला नसता. कॉलेजचा पहिला हंगाम तिचा बसून गेला. 2007 मध्ये ती अमेरिकेतल्या विद्यापीठांची विजेती झाली आणि 2013 मध्ये महिला गोल्फमध्ये जगात पहिल्या क्रमांकावर.

आणखी एका गोष्टीचं मला फार कुतूहल वाटतं. शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ मुलं सांगतात की आता आपण एका बाजूला कललोय असं वाटतं, आणि आरशात पाहावं तर सरळ! स्नायू आणि सांध्यांतून मेंदूकडे शरीराचा नकाशा सतत जात असतो. वर्षानुवर्षं वाकडा आलेला तो नकाशा मेंदूने ‘सरळ’ म्हणून नोंदवून ठेवलेला. एका दुपारीत प्रदेश बदलला, नकाशा जुनाच राहिला. फोटो काढताना मुलगी खांदे ‘सरळ’ करते आणि वाकडी होते. आरशासमोर, चालताना, फिजिओथेरपीच्या व्यायामात मेंदू हळूहळू नवी मोजणी करतो. नव्या उंचीचीही. तोपर्यंत ओळखीच्या दाराची चौकटसुद्धा जरा खाली आल्यासारखी वाटते.

ब्रिटनच्या राजघराण्यातली युजिनी हिची ही शस्त्रक्रिया 2002 मध्ये लंडनमध्ये झाली, ती बारा वर्षांची असताना. ऑक्टोबर 2018 मध्ये तिचं लग्न झालं तेव्हा तिने डोक्यावरून झिरझिरीत ओढणी घेतली नाही, आणि पोशाख मागून मुद्दाम खोल शिवून घेतला. चर्चच्या पायऱ्या चढताना पाठीवरची उभी रेघ सगळ्या जगाने पाहिली. शाळेच्या गणवेशात ती रेघ झाकलेली असते. कॉलरच्या वर तिचं टोक डोकावलं तर तेवढंच.

वर्षाने पुन्हा एक्स-रे होतो. काळ्या फिल्मवर दोन पांढऱ्याशुभ्र दांड्या झळकतात, दोन्ही बाजूंनी स्क्रूंची रांग, एखाद्या झिपसारखी. घरच्यांची नजर तिकडेच जाते. सर्जन मात्र दांड्यांच्या मधल्या धूसर राखाडी ढगाकडे पाहत असतात. पूर्वी तिथे मणक्यामणक्यांत काळ्या फटी होत्या, त्या आता बुजल्या आहेत. नवं हाड. आता भार तेच पेलतं. दांड्यांना फारसं काम उरलेलं नाही, पण हे सेंटरिंग काढायला सहसा कुणी येत नाही. ते तिथेच राहतं, आणि डॉक्टर कबड्डीच्या कागदावर सही करतात.